मर्क्युरी आणि गिट्टी

पुण्याच्या मीटिंगमध्ये हीनाचा चेहरा पडद्यावर नेहमी तोंड अर्धवट उघडं असताना अडकायचा. त्या दिवशीही तो तसाच अडकला, आणि नेमकं तेव्हाच चारुलता मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. घरून काम पुरे झालं आता."

हीना मोताळ्यात, बापाच्या घरी, वरच्या खोलीत बसलेली होती. खाली अब्दुल गनींचं गादी-रजईचं दुकान. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा हीना पुण्याहून चार दिवसांसाठी म्हणून आली आणि मग परत गेलीच नाही. अब्बा एकटे कसे राहतील, या विचाराने तिने पुण्यातली खोली सोडली, सामान मागवून घेतलं आणि कंपनीला सांगून इथूनच काम सुरू केलं. गल्लीतल्या बाया तिचं फार कौतुक करत. पोरगी असावी तर अशी, म्हणत. हीना मान खाली घालायची आणि बायांना तो तिचा नम्रपणा वाटायचा.

अडचण नेटवर्कची होती. कंपनीत प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्यांच्या कामाची पूर्ण प्रत असे, पहिल्या दिवसापासून कालच्या बदलापर्यंत. रोज सकाळी इतरांनी केलेले बदल आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि आपले त्यांच्याकडे पाठवायचे, मग कामाला लागायचं. पुण्यात हे चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत उरके. मोताळ्यात हीना ते लावून खाली जायची, पोळ्या करायची, कपडे वाळत घालायची आणि वर येऊन पाहायची, तर ते मध्येच कुठेतरी तुटलेलं असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"राग मानू नकोस हीना, पण तुझ्यासाठी चौघं थांबून राहतात," चारुलता मॅडम म्हणाल्या.

आपण आता काहीतरी बोललं पाहिजे, एवढंच हीनाला कळलं. अब्बांचा विचार करून ती बोलून गेली, "मॅडम, दोष नेटवर्कचा नाही. आपल्या पद्धतीचा आहे. आपण मर्क्युरिअल वापरतो. त्याऐवजी गिट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरून बघू. कदाचित कमी ओढावं लागेल, लवकर होईल."

हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. पण चारुलता मॅडमना मोजलेल्या गोष्टी फार आवडत. त्या खूश झाल्या.

"मग मोजून दाखव. सगळ्यात वाईट नेटवर्क तुझंच आहे, तेव्हा परीक्षा तिथेच होऊ दे. तेच काम दोन्ही पद्धतींनी ओढून बघ, परिस्थिती मात्र दोन्ही वेळा सारखी हवी. गिटनं फरक पडला तर घरून काम चालू ठेवू. नाही पडला, तर सगळ्यांनी इकडे यायचं."

घरून काम करणारे बाकीचे लोक पडद्यावरच्या आपापल्या चौकटींतून हीनाला हात जोडायला लागले. मीटिंग संपल्यावर तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही. आपण थकलो असू, असं तिने धरलं आणि ती खाली गेली.

अब्दुल गनी दुकानात जुन्या गादीतला गोळे झालेला कापूस हाताने सोडवत बसले होते. त्यांच्याकडे कामाला असलेला कडूबा कोपऱ्यात खोळ शिवत होता. कडूबा अब्दुल गनींच्याच वयाचा, आणि एका कानाने अधू.

"काय म्हनते कंपनी?" अब्दुल गनींनी विचारलं.

"परीक्षा घ्याची हाय अब्बा. इथूनच. एक मर्क्युरिअल न् एक गिट. नेट कमी असलं तरी जे चालन, ते ठेवतीन."

"मर्क्युरी न् गिट्टी," अब्दुल गनी म्हणाले. "अन् नाही चाललं तं?"

"तं मले पुण्याले परत जा लागन."

अब्दुल गनींचे हात थांबले. त्यांनी लेकीच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग कापसाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं."

या एका शब्दात किती दुःख भरलंय, असं हीनाला वाटलं. ती जड पावलांनी वर गेली.

संध्याकाळी अब्दुल गनी समोरच्या शाहरुखच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसले. गल्लीतल्या सगळ्यांचे फोन शाहरुखच दुरुस्त करायचा, त्यामुळे नेटच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"बेटा, हे नेट कमी काऊन येते?"

"चाचा, टावर म्हणजे पाण्याची टाकी समजा," शाहरुख म्हणाला. "सगळ्याइनं खाली नळ सोडले, तं वरच्या माळ्यावर पाणी चढन काय? तुमची हीना वरच्या माळ्यावर हाय. अन् तुमची कापूस पिंजायची मशीन चालू झाली की लाइट खाली पडते, तिच्या वायफायचा डबा बंद पडून पुन्हा चालू होते. ते येगळंच."

मोताळ्याच्या माणसाला पाण्याचं गणित समजावून सांगावं लागत नाही. अब्दुल गनी उठले आणि त्यांनी घरोघरी जाऊन विनंती केली, की उद्या सकाळी हीनाची परीक्षा आहे, तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवा.

लोक एरवी कदाचित हसले असते. पण कडूबा दुपारीच चहाच्या टपरीवर जाऊन आला होता. एका कानाने जेवढं ऐकू आलं, तेवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पुण्याची कंपनी आहे. तिच्याकडे मर्क्युरी आहे आणि गिट्टी आहे. परीक्षा आपल्या गल्लीत आहे. जे पास होईल ते इथे राहील.

गल्लीत मर्क्युरीचा दिवा नव्हता. गिट्टी टाकलेला रस्ताही नव्हता. त्यामुळे कोणाला जास्त काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी हीनाने मर्क्युरिअल लावलं. नेहमीचीच पद्धत, तेव्हा नेहमीसारखाच वेळ खाणार, हे तिला माहीत होतं. ती पोळ्यांचं पीठ भिजवायला उठली, दारापर्यंत गेली आणि सहज मागे वळून पाहिलं, तर काम झालेलं होतं.

काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने सगळं पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ते आणखी लवकर झालं. तिला बाहेरची शांतता जाणवली. मशीन बंद होती. शेजारच्या जनकाबाईंच्या मोबाइलवर रोज सकाळी मोठ्या आवाजात कीर्तन चालायचं, तेही बंद होतं. गल्लीत कोणी गेलं की काय, अशी शंका तिच्या मनात येऊन गेली.

जिन्यातून अब्दुल गनींनी मान वर काढली. "झालं काय?"

"झालं."

"पास?"

"लय पास," हीना म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

अब्दुल गनी समाधानाने खाली गेले. परीक्षा आटोपली, असं त्यांनी गल्लीला कळवलं. गिटचीही परीक्षा बाकी आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

गिटची परीक्षा हीनाने दुसऱ्या दिवशी घेतली. तो आठवडी बाजाराचा दिवस निघाला. आसपासच्या खेड्यांतली माणसं आपापले फोन खिशात घेऊन मोताळ्यात उतरली होती. त्यात कोण्या लग्नघरच्या गाद्या द्यायच्या राहिल्या होत्या, म्हणून अब्दुल गनींनी सकाळीच मशीन सुरू केली. गिट निम्म्यावर यायचं, खाली मशीन घरघरायची, खोलीतला दिवा पिवळा पडायचा आणि वायफायचा डबा मान टाकायचा. डबा शुद्धीवर येईपर्यंत हीना त्याच्या समोर बसून राहायची, आजाऱ्याजवळ बसावं तशी. दिवस मावळला तरी गिट काही पूर्ण उतरलं नाही.

नव्या पद्धतीची बाजू घेऊन ती भांडली होती, आणि तिच्याच हाताने ती पद्धत आडवी झाली होती.

रात्री जेवताना तिने विचारलं, "अब्बा, काल मशीन काऊन बंद होती?"

अब्दुल गनींनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. टाकीचं, नळाचं, गल्लीनं कसं सहकार्य केलं त्याचं. हीनाला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"पन अब्बा, मर्क्युरी हळूच चालाले पाह्यजे होती. रोज चालते तशी. अन् गिट जोरात चालाले पाह्यजे होतं. आता उलटंच झालं."

"असं काय? म्हणजे मर्क्युरी फेल कराची न् गिट्टी पास कराची?"

"फेल नाही कराची, अब्बा. ते आपोआप..."

पण अब्दुल गनी हात धुऊन चपला शोधायला लागले होते.

आतापर्यंत गल्ली एकदिलाने वागली होती. मर्क्युरी फेल आणि गिट्टी पास करायची, अब्दुल गनींच्या या निरोपाने तिच्यात उभी फूट पडली. जनकाबाई मर्क्युरीच्या बाजूच्या. मागच्या आषाढात अंधारात पाय घसरून त्या पडल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं मनगट दुखत होतं.

"मर्क्युरी फेल काऊन कराची गनीभाऊ? अंधारात मी पडली तवा कोन आलं होतं उचलाले?"

कडूबा गिट्टीचा. गाद्यांची हातगाडी ओढून ओढून त्याची कंबर गेली होती. "दिवा लावून काय होईन बाई? उजेडात चिखल दिसन फकस्त. चाक तं फसनच ना."

"तुले तुह्या चाकाचं पडलं."

"तुमाले तुमच्या हाताचं पडलं."

अब्दुल गनी मध्ये उभे राहून दोघांचंही खरं आहे, असं म्हणत राहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

हीनाने दोन्ही परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरवलं, या वेळी एकाच सकाळी, पाठोपाठ, म्हणजे परिस्थिती सारखी राहील. तिने मर्क्युरिअल लावलं. खालून कडूबाने हाक दिली, "हीनाबेटा, आता कोनती चालू हाय?"

म्हातारा माणूस कौतुकाने विचारतोय, असं तिला वाटलं. "मर्क्युरी, काका."

मर्क्युरिअल जागच्या जागी थांबलं. पुढे सरकेना, मागे जाईना. कंटाळून तिने ते तोडलं आणि गिट लावलं. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून जनकाबाईंचा आवाज आला, "आता काय लावलं वं?"

"आता गिट लावलं, काकू."

गिटही थांबलं.

हीना खिडकीशी गेली आणि तिने खाली पाहिलं. गल्लीच्या एका बाजूच्या ओट्यांवर माणसं ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येक मोबाइलवर काहीतरी चालू, आणि त्याच्याकडे बघत कोणीच नव्हतं. सगळे तिच्या खिडकीकडे बघत होते. जनकाबाईंच्या मांडीवर दोन मोबाइल होते. एकात कीर्तन रंगलं होतं, दुसऱ्यात दोन बाया भांडत होत्या. समोरच्या ओट्यांवरची मंडळी मोबाइल खिशात घालून, हाताची घडी घालून बसली होती. आपली पाळी झाली, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

ती खाली उतरली. कडूबाने आधी टाळाटाळ केली, मग खरं काय ते सांगितलं: मर्क्युरी चालू असली की गिट्टीवाले मोबाइल लावत होते, आणि गिट चालू असलं की मर्क्युरीवाले. हीना दुकानाच्या पायरीवरच बसली. आपल्या नोकरीवर या लोकांनी एक अख्खा रस्ता बांधून ठेवलाय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"काकू," ती जनकाबाईंना म्हणाली, "हे दिव्याचं नाही, न् रस्त्याचंबी नाही. आमी कंप्युटरवर जे काम लिवतो ना, ते एकमेकाइले पाठवाच्या दोन पद्धती हायेत. त्याइची नावं हायेत ती. कोनती कमी नेटमधी चालते, एवढंच पाह्याचं हाय."

जनकाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हाव हाव. आत्ताच बाहीर नाही सांगता येत. मले समजते बापा."

"खरंच सांगून राह्यली मी, काकू."

"मी कुठी म्हनते खोटं हाय? नोको सांगू. पन ध्यानात ठेव, दिव्याचं आधी."

हीनाने सगळ्यांकडे पाहिलं. समजावण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुमी कोनीच काही करू नोका. ना बंद, ना चालू. उद्या सकाळी सगळे जनं रोजच्यासारखे वागा. बस."

हे मात्र कोणाला साधेना.

सकाळी हीना खिडकीतून बघत होती. जनकाबाईंनी कीर्तन लावलं, थोडं ऐकलं, आवाज रोजच्याएवढा आहे का असं सुनेला विचारलं, कमी केला, मग पुन्हा वाढवला. शाहरुखने दुकानाचं शटर निम्मं वर नेलं आणि रोज ते निम्मं असतं की पूर्ण, या विचारात तो तसाच उभा राहिला. अब्दुल गनींनी मशीन सुरू केली, बंद केली आणि कडूबाला विचारलं, "रोज एवढीच चालते ना बे?" कडूबाला ते ऐकू गेलं नाही. तो दारात उभा राहून, रोज या वेळी आपण काय करतो, ते आठवत होता. एक माणूस सायकलवरून गल्लीत आला, सगळ्यांना असं ताठ बसलेलं पाहून घाबरला, खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

मर्क्युरिअलला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच गिटला लागला. फरक काही निघाला नाही. दोन्हीपैकी सरस कोण, हे हीनाला कळलं नाही, आणि या गल्लीत ते कधी कळेल असंही तिला वाटेना.

तिला खोटं लिहिता आलं असतं. पण ते तिच्याने होईना. पहिल्या दिवसापासूनचे सगळे आकडे तिने जसेच्या तसे लिहिले आणि खाली एक वाक्य टाकलं, की या परीक्षेतून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. मग ते पुण्याला पाठवून दिलं. फरक नाही म्हणजे पुणे, हे ठरलेलंच होतं.

संध्याकाळी तिने अब्दुल गनींना सांगितलं. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता.

"फरक नाही निघाला, अब्बा. आता मले जाच लागन."

अब्दुल गनींनी मोठा श्वास सोडला. "नशिबाची गोष्ट हाय. पन तू एकटी कशी राह्यशीन तिथं? मी बी येतो. दुकान पाहीन कडूबा."

"तुमी? घरदार सोडून? या वयात?"

"आता काय करता," अब्दुल गनी खाली बघत म्हणाले. "माह्यं काय, मी कुठंबी राहीन."

आपल्यापायी म्हाताऱ्या बापाला आयुष्यभराचं घर सोडावं लागतंय, या विचाराने हीनाला फार वाईट वाटलं. घरात सुतक असल्यासारखं झालं. गल्लीतल्या बाया येऊन बसून जात. जनकाबाई तर डोळ्यांना पदर लावून रडल्या, आणि रडता रडता, दोन्हीपैकी कोणतं पास झालं, हे त्यांनी एकदा हळूच विचारून घेतलं. हीना बायांच्या मध्ये मान खाली घालून बसायची. अब्दुल गनी दारात बसून, सगळं वरच्याच्या हातात आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एका दुपारी हीना माळ्यावरून पुण्याची मोठी बॅग काढत होती. बॅग झटकून तिने पलंगावर टाकली, कपडे भरायला घेतले आणि आपण गुणगुणतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने ओठ घट्ट मिटले. दोन वर्षांत या खोलीत आपण कधी गुणगुणलो नव्हतो, हेही तिला आठवलं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली. आईच्या आठवणींनी भरलेलं घर, खाली मुळापासून उपटला जाणारा बाप, आणि आपण गाणं म्हणतोय. तिने उरलेले कपडे मुद्दाम हळूहळू भरले.

त्याच संध्याकाळी तिला अब्दुल गनी शिंप्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. ते हसत होते. तिला पाहताच ते गंभीर झाले. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून अब्बा लोकांसमोर उसनं हसतात, हे जाणून तिचे डोळे भरून आले.

निघायला दोन-तीन दिवस उरले असताना चारुलता मॅडमचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, जणू त्या शेजारच्याच खोलीत बसल्या आहेत.

"अगं हीना, तुझा रिपोर्ट पार वरपर्यंत गेला. काय काम केलंस."

"पण मॅडम, त्यात काहीच निघालेलं नाही. दोन्हींची तुलना..."

"तुलना कोणी बघितलीच नाही गं. सगळ्यांनी पहिल्या दिवसाचा आकडा बघितला. मोताळ्यातून आपलं सगळं काम आपल्या ऑफिसपेक्षाही लवकर उतरलं. साहेब म्हणाले, मोताळ्यात जर असं चालतंय, तर आपण पुण्यात एवढी मोठी जागा अडवून कशाला बसलोय?"

हीना बॅगेकडे बघत राहिली.

"ऑफिस सोडतोय आपण," चारुलता मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून पुण्यातलेसुद्धा सगळे घरून. कायमचे. सगळे तुला दुवा देतायत."

"पण मॅडम, माझी यायची सगळी तयारी झाली होती."

"आता कुठे येशील? माझ्या घरी?" चारुलता मॅडम हसल्या. "तुझ्या वडिलांजवळच राहायचं होतं ना तुला? राहा आता निवांत."

"आणि मर्क्युरिअल की गिट?" हीनाने विचारलं.

"ते होय. आहे तेच राहू दे म्हणाले."

फोन बंद झाल्यावर ती जिना उतरून खाली आली. मागच्या खोलीत अब्दुल गनी आपल्या वळकटीला दोरी बांधत होते. अंगात नवा निळा शर्ट होता. घालून बघत असावेत. कॉलर अजून कडक होती.

"अब्बा, मॅडमचा फोन आला होता. कंपनीनं पुण्याचं ऑफिसच बंद केलं. सगळ्याइनं घरूनच काम कराचं. आता कुठी जाची गरज नाही."

दोरीची गाठ अब्दुल गनींच्या हातात तशीच राहिली. "म्हणजे आता कोनालेच जाचं नाही?"

"कोनालेच नाही."

ते वळकटीवरच बसले. "चांगलं झालं," ते म्हणाले. मयतीहून आलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज होता.

"हाव. चांगलंच झालं," हीना म्हणाली.

बाहेर कडूबा कोणाशी तरी बोलत होता.

"तुह्या त्या खोलीच्या खाली बाग होती म्हने पुण्यात," अब्दुल गनी म्हणाले. "तुही अम्मी सांगत होती. ती येऊन गेली होती ना तुह्याकडे."

"होती. संध्याकाळी म्हातारे लोक बसत जात तिथं."

"मीबी बसलो असतो," अब्दुल गनी म्हणाले.

हीनाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या शर्टाकडे आणि नीट घट्ट बांधलेल्या वळकटीकडे पाहिलं. पुण्याला जायचं म्हणून मन मारून बांधलेली वळकटी अशी दिसत नाही.

"अब्बा, तुमाले इथं करमत नाही काय?"

अब्दुल गनी दोरीशी चाळा करत राहिले. "तुही अम्मी गेल्यापासून या घरात मले जेवन जात नाही बेटा. पन तू माह्यासाठी पुनं सोडून आली. मंग मी कसं म्हनू, की मले इथून ने म्हनून?"

"अन् मी तुमच्यासाठी राह्यली," हीना म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. "मले तं रोज वाटे, कवा एकदा परत जातो. पन तुमाले कसं सोडू?"

"दोन वर्सं काऊन बोलली नाही?"

"तुमी काऊन नाही बोलले?"

अब्दुल गनींनी आशेने विचारलं, "मंग आपन असेच गेलो तं? ऑफिस नसलं म्हनून काय झालं?"

"काय सांगून जाचं अब्बा? आतापर्यंत जाच लागते म्हनून रडत होतो. सगळी गल्ली रडली आपल्यासंगं. आता कंपनी म्हनते घरीच राहा, न् आपन म्हनाचं, नाही, आमाले जाचंच हाय?"

अब्दुल गनींनी मान हलवली. तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जनकाबाई तर डोळ्यांना पदर लावून लावून दमल्या होत्या.

तेवढ्यात जनकाबाईच दारातून आत आल्या. मधली भिंत पातळ होती आणि त्या पलीकडेच बसल्या होत्या. हातात साखरेची वाटी होती आणि पाठीमागे कडूबा. शाहरुखही दुकान उघडं टाकून आला होता.

"आयकलं मी सगळं," जनकाबाई म्हणाल्या, आणि बाप-लेकीने चटकन एकमेकांकडे पाहिलं. "हीना कुठी जात नाही म्हने. मंग मी साखर आनाले उठली. देवच पावला बापा. गनीभाऊ, तोंड उघडा."

अब्दुल गनींनी तोंड उघडलं. जनकाबाईंनी त्यात साखर घातली, मग हीनाच्या तोंडात घातली आणि दोघांकडे कौतुकाने पाहत राहिल्या. एवढे दिवस पाडून ठेवलेली तोंडं आता लगेच उचलायची होती. हीनाने आधी प्रयत्न केला, तिचं पाहून अब्दुल गनींनीही केला.

"अन् हा नवा शर्ट कशाचा, गनीभाऊ?" कडूबाने विचारलं.

साखर अजून विरघळायची होती. अब्दुल गनींनी ती गिळली.

"खुशीचा," ते म्हणाले. "पोरगी राह्यली ना."